यादीत नाव घालण्याआधी विचारा तरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. आमच्यात, म्हणजे मराठी ख्रिस्ती लोकांत, खरंतर सलाम म्हणतात, तोही घ्या.

मागं तुमच्या वाचकांच्या पानावर एक पत्र आलेलं, की प्रत्येक मंडळानं, सोसायटीनं, देवस्थानानं, चर्चनं आता व्हॉट्सअॅपच्या नादी न लागता ईमेलचं न्यूजलेटर काढावं, सगळ्या सभासदांचे ईमेल गोळा करावेत, सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि दहा मिनिटांत काम होतं. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला आहे यात वादच नाही, पण ते दहा मिनिटं वाचून मला चहाचा ठसका लागला. मी नगरच्या एका मराठी मंडळीची, म्हणजे चर्चची, सेक्रेटरी आहे (नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर, जिभेला वळण लागायला वेळ लागेल), बँकेतून रिटायर झाले आणि रिकामी दिसले म्हणून कमिटीनं हे काम माझ्या गळ्यात घातलं. आम्हाला सात महिने लागले. त्यातलं सॉफ्टवेअर नुसतं चालवायला शिकायला एक आठवडा, तेही भाच्यानं फोनवर शिव्या न देता शिकवलं म्हणून, बाकी बहुतेक वेळ माणसांचा. म्हणून हे पत्र, लांबलंय, कापलंत तरी चालेल पण सीसीचं तेवढं ठेवा.

तर सीसी. आमच्या मंडळीत याआधी ईमेल जायचीच, एक उत्साही गृहस्थ स्वतःच्या जीमेलवरून पाठवायचे, नाताळचा कार्यक्रम, हंगामाच्या सणाचं निमंत्रण वगैरे. एका वर्षी त्यांनी दोनशेच्या वर पत्ते बीसीसीत टाकायच्या ऐवजी सीसीत टाकले. म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचा पत्ता दिसला. त्यावर पंधरा जणांनी रिप्लाय ऑल करून आमेन लिहिलं, ते दोनशे लोकांना पंधरा वेळा गेलं, इथपर्यंत हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. पण पुढच्याच आठवड्यात कोणाकोणाला विम्याच्या मेल यायला लागल्या, कारण यादीतल्याच कोणाचा तरी तो धंदा होता. आणि एक बाई माझ्याकडं आल्या, रविवारची भक्ती (उपासना) संपल्यावर, सगळे बाहेर पडेपर्यंत बाकावर बसून राहिल्या आणि मग म्हणाल्या, ताई माझं नाव त्या यादीत सगळ्यांना दिसलं, माझ्या सासरी माहीत नाहीये मी इथं येते ते. मला काय बोलावं सुचेना. त्या नंतर चार महिने आल्या नाहीत.

हे मी मुद्दाम पहिलं सांगतेय कारण त्या पत्रात ईमेलची यादी म्हणजे संस्थेची मालमत्ता असं काहीतरी लिहिलेलं. बिल्डरची असेल, साडीच्या दुकानाची असेल. देवळाची, मशिदीची, चर्चची यादी म्हणजे कोण माणूस कुठं हात जोडायला जातो त्याची यादी असते हो. ती बाहेर गेली तर गेली, परत आणता येत नाही.

सीसी प्रकरणानंतर कमिटीत ठरलं की नीट सिस्टीम करायची. मेलचिंप नावाचं मेल पाठवायचं सॉफ्टवेअर घेतलं, कारण भाच्याला तेच येत होतं, दुसरीही चांगली आहेत. आता इथं पहिला वाद. खजिनदार म्हणाले, आपल्याकडं मंडळीचं रजिस्टर आहे, जुन्या मेलमधले पत्ते आहेत, लग्नाच्या फॉर्मवरचे आहेत, शब्बाथ शाळेच्या (पोरांच्या रविवारच्या बायबलच्या वर्गाच्या) फॉर्मवर आईबापांचे आहेत, सगळे एका एक्सेलमध्ये टाका आणि चढवा. साडेचारशे होतील. मी म्हणलं, आणि विचारायचं कोणी? ते म्हणाले, विचारायचं काय त्यात, आपलीच माणसं आहेत.

हेच वाक्य मी पुढचे सात महिने ऐकत होते.

मी अडून बसले, कारण माझ्या डोळ्यासमोर ती बाकावरची बाई. पाळकसाहेबांनी (आमच्या धर्मगुरूंनी) माझी बाजू घेतली, त्यांनी एक उदाहरण दिलं ते मला फार पटलं. आमच्या नगरातूनच १८४२ साली ज्ञानोदय हे नियतकालिक निघालं, पुढं रेव्हरंड टिळक (कवी ना. वा. टिळक) त्याचे संपादक होते, आणि माझ्या लहानपणीही ते आमच्या घरी पोस्टानं यायचं, घडी घातलेलं, पत्त्याची चिठ्ठी चिकटवलेली. ते येत होतं कारण आमच्या वडिलांनी वर्गणी भरली होती. कोणी रजिस्टर बघून आमच्या दारात टाकलं नव्हतं. पाळकसाहेब म्हणाले, इंग्रजीत ज्याला सबस्क्रायबर म्हणता त्याला आपल्याकडं वर्गणीदार हा शब्द आहे, आणि वर्गणीदार स्वतःहून होतो. त्यावर खजिनदार गप्प बसले, म्हणजे तेवढ्या मीटिंगपुरते.

मग आम्ही फॉर्म काढला. गूगल फॉर्म काढायला पाच मिनिटं लागली आणि तो भरला एकोणीस जणांनी. म्हणून कागदाचा काढला, अर्ध्या पानाचा, मराठीत. त्यात नाव, ईमेल, आणि खाली चौकोन: साप्ताहिक सूचना हव्यात, मासिक पत्रक हवं, महिला मंडळाचं हवं, तरुण संघाचं हवं. त्याच्याखाली एक ओळ, की हा पत्ता फक्त या कामासाठी वापरू, दुसऱ्या कोणाला देणार नाही, नको झाल्यावर कधीही बंद करता येईल. ही ओळ मी माझ्या मनानं घातलेली, पण नंतर भाच्यानं सांगितलं की २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात साधारण हेच आहे, कशासाठी घेताय ते माणसाला साध्या भाषेत आधी सांगायचं, आणि दिलेली संमती काढून घेणं हे देण्याइतकंच सोपं पाहिजे. ही माहिती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागायचा हक्क आहे माणसाला, त्यात मराठी आलीच. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत, मुख्य तरतुदींना त्यापुढं अठरा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा मंडळवाल्यांनो अजून वेळ आहे, पण फार नाही. आणि त्यात अठराच्या खालचं प्रत्येक जण मूल धरलंय, आईबापाची खात्रीशीर संमती लागते. त्यामुळं शब्बाथ शाळेतल्या पोरांचे पत्ते आम्ही घेतलेच नाहीत, पोरं रुसली थोडी, त्यांना मोठ्यांसारखं पाहिजे होतं.

फॉर्म तीन रविवार दारात ठेवले. पेन सुतळीनं बांधलेलं, बँकेची सवय. तिसऱ्या रविवारी मी सगळा गठ्ठा घरी आणला आणि टाईप करायला बसले तेव्हा कळलं की ईमेल पत्ता हातानं लिहिणं हा काय प्रकार आहे. एक आहे का एल आहे, शून्य आहे का ओ आहे, ती मधली रेघ वरची का खालची. जीमेलचं स्पेलिंग मी अकरा प्रकारे लिहिलेलं पाहिलं. एका आजोबांनी पत्त्याच्या रकान्यात प्रामाणिकपणे घराचा पत्ता लिहिलेला, पिनकोडसकट. एका घरातल्या पाच जणांनी एकच ईमेल दिलेला, मुलाचा, तो मुलगा पुण्यात हिंजवडीला, त्याला विचारलं तर म्हणाला मला माहीतच नाही, पण राहू द्या, आईला वाचून दाखवतो फोनवर. हे बरं झालं विचारलं ते! न विचारता चढवलं असतं तर त्या पोराला एका मेलच्या पाच प्रती गेल्या असत्या आणि त्यानं सरळ स्पॅमचं बटण दाबलं असतं.

साडेचारशेच्या जागी आमचे झाले दोनशे ऐंशी. खजिनदारांनी तोंड वाकडं केलं. नंतर हळूहळू तीनशेच्या वर गेले, लोक स्वतःहून सांगायला लागले, आमचं पण घ्या.

आता जरा सॉफ्टवेअरचं, कारण इथं आम्ही पैशाचा फटका खाल्ला आणि दुसऱ्यांनी खाऊ नये. मेलचिंपमध्ये यादीला ऑडियन्स म्हणतात. आम्ही हौसेनं चार ऑडियन्स केल्या, मंडळी वेगळी, महिला मंडळ वेगळं, तरुण संघ वेगळा, बाहेरगावचे वेगळे. दिसायला छान, चार फायली चार कप्प्यांत. पण तिथं एकच बाई तीन ऑडियन्समध्ये असेल तर ती तीन माणसं म्हणून मोजली जाते, आणि फुकटच्या प्लॅनला माणसांची मर्यादा असते, पूर्वी ती २००० होती, मग ५०० वर आणली, हे लोक बदलत राहतात तेव्हा आजचा आकडा ज्याचा त्यानं बघावा. त्यात आणखी मेख म्हणजे एका ऑडियन्समधून कोणी बाहेर पडलं तर बाकीच्या तीनमधून त्यांना मेल जातच राहते, त्यांना वाटतं नको सांगूनही पाठवताहेत. आणि बाहेर पडलेला माणूससुद्धा मोजणीत धरतात, त्याला अर्काइव्ह (म्हणजे दप्तरबंद) केल्याशिवाय तो आकडा कमी होत नाही. दोन महिने आम्ही डॉलरमध्ये बिल भरलं, खजिनदारांच्या मुलाच्या कार्डावरून, आणि ते व्हाउचर ऑडिटला कसं दाखवायचं यावर एक अख्खी मीटिंग गेली.

शेवटी भाच्यानं समजावलं की आत्या, ऑडियन्स एकच ठेव, आणि माणसांना टॅग लाव. म्हणजे असं बघा, रजिस्टर एकच, पण प्रत्येक नावापुढं रंगीत टिकल्या. महिला मंडळाची हिरवी, तरुण संघाची निळी, बाहेरगावची पिवळी. पाठवताना सांगायचं की हिरवी टिकली असलेल्यांनाच पाठव. दोन टिकल्या एकदम लावून गाळता येतं त्याला सेगमेंट म्हणतात, म्हणजे महिला मंडळातल्या पण पुण्यात राहणाऱ्या, अशा. एवढं कळायला मला दोन महिने आणि काही डॉलर लागले. बँकेत बत्तीस वर्षं लेजर सांभाळलं, एक खातेदार एक खातं, हे मला आधी सुचायला पाहिजे होतं.

आता जे सांगणार आहे ते कुठल्याच यूट्यूब व्हिडिओत नाही, कारण ते व्हिडिओ करणाऱ्यांच्या आजोबांना कोणी नावानं हाक मारत असेल. त्या सिस्टीममध्ये नावाची जागा सोडता येते, तुम्ही लिहायचं प्रिय आणि पुढं ती आपोआप पहिलं नाव घालते. पहिली मेल गेली. सोमवारी सकाळी साडेसातला फोन. आमच्या मंडळीचे एक वडील (चर्चमधलं मानाचं पद), वय ब्याऐंशी, चाळीस वर्षं हायस्कूलला मास्तर, अर्ध्या नगरला त्यांनी गणित शिकवलेलं, मलासुद्धा. म्हणाले, बाई, तुम्ही मला प्रिय आणि नुसतं नाव? माझ्या बायकोनं कधी मला नावानं हाक मारली नाही. मी फोनवरच उभी राहिले.

इंग्रजीत चालत असेल, आपल्यात नाही चालत. बरं सगळ्यांना श्री. लावावं तर तरुण पोरं हसतात, आणि आदरणीय लावलं तर निवडणुकीचं पत्र वाटतं. मग मी यादीत एक नवा रकाना केला, त्याला नाव दिलं संबोधन, आणि दोनशे ऐंशी नावांपुढं एकेक हातानं भरलं. मास्तर. सुशीलाकाकू. भाऊसाहेब. ताई. डॉक्टर. पोरांना नुसतं नाव. आठवडाभर रात्री नऊ ते अकरा हेच काम, शेजारी नवरा बसून सल्ले देत होता, त्यांना मामा नको लिहू ते दोघं बोलत नाहीत. पण नंतर काय झालं माहितेय, लोक मला म्हणायला लागले की तू स्वतः लिहितेस का गं प्रत्येकाला वेगळं? मी हो म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही.

आणि आता जी चूक झाली ती माझी स्वतःची, कमिटीची नाही, सॉफ्टवेअरची तर नाहीच.

वाढदिवसाची सोय असते त्यात. जन्मतारीख भरून ठेवायची, त्या दिवशी सकाळी आपोआप शुभेच्छा जातात, वर एक वचन, खाली पाळकसाहेबांची सही. मला फार आवडलं होतं ते, एकदा लावलं की विसरून जायचं. विसरलेच. आमच्या मंडळीतले एक गृहस्थ जूनमध्ये गेले, दफनविधीला मी स्वतः होते, फुलांची चादर मीच आणलेली, दफनाच्या रजिस्टरमध्ये नोंद माझ्या अक्षरात आहे. सप्टेंबरमध्ये त्यांच्या बायकोनं मोबाईल उघडला तर सकाळी सात वाजता त्यांच्या नावानं मेल, देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो. त्यांनी मला काही म्हणलं नाही. संध्याकाळी मी गेले तर मेल उघडीच ठेवलेली टेबलावर, आणि मला म्हणाल्या, बस, चहा ठेवते. चहा पिताना त्या एवढंच म्हणाल्या की सकाळी नाव वाचून क्षणभर वाटलं की... आणि वाक्य सोडून दिलं.

त्या दिवसापासून दफनाच्या रजिस्टरच्या आतल्या पुठ्ठ्यावर मी कागद चिकटवलाय, नोंद केली की त्याच दिवशी यादीतून नाव काढ. वाढदिवसाचं आपोआप बंदच करून टाकलं. आता दर रविवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याचे वाढदिवस बघते आणि फोन करते. जास्त वेळ जातो, जाऊ दे.

तांत्रिक गोष्टी फार नाही सांगत, पण दोन सांगायलाच हव्यात. एक म्हणजे आमचं मासिक पत्रक प्रेसवाला जुन्या मराठी फॉन्टमध्ये लावतो, तो मजकूर उचलून मेलमध्ये टाकला की सगळी कचकच दिसते, युनिकोडमध्ये बदलून घ्यायला लागतं आणि बदलताना रफार आणि जोडाक्षरं तपासायला लागतात, एकदा प्रार्थनाचं प्रार्थाना होऊन गेलं आणि मास्तरांचा परत फोन. दुसरं म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता. आम्ही आधी मंडळीच्या जीमेलवरूनच या सिस्टीममधून पाठवत होतो आणि निम्म्या मेल स्पॅममध्ये. कारण जीमेलचा पत्ता लावून जीमेलच्या बाहेरून मेल पाठवली की गूगलला ती तोतयासारखी दिसते, २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूनं हे फारच कडक केलंय. स्वतःचं डोमेन (म्हणजे पत्त्यात @ च्या पुढं येणारं संस्थेचं नाव) पाहिजे आणि त्याच्यात एसपीएफ, डीकिम, डीमार्क अशा नोंदी घालायला लागतात, म्हणजे सोप्या भाषेत, पाकिटावर आपला शिक्का आणि पोस्टाला आधी दिलेली नमुना सही. चेकवरची सही जुळवण्यात आयुष्य गेलं म्हणून मला हे एका झटक्यात कळलं. डोमेन आमच्याकडं होतंच, पण त्याचा पासवर्ड तरुण संघाच्या ज्या मुलाकडं होता तो जर्मनीला गेलेला, त्याला शोधून त्याच्याकडून मिळवण्यात तीन आठवडे. संस्थेच्या नावानं काही घेतलं तर पासवर्ड मिनिटबुकात लिहा, बंद पाकिटात ठेवा, काहीही करा, पोरांच्या डोक्यात ठेवू नका.

आणि गूगल म्हणतं की स्पॅमच्या तक्रारी हजारात तीनच्या आत ठेवा. मोठ्या कंपनीला ठीक आहे. आमच्या तीनशेच्या यादीत एका माणसानं रागानं ते बटण दाबलं की आम्ही तिथं पोचलोच. म्हणूनच म्हणतेय, जे आलेत ते विचारून आलेले पाहिजेत.

बाहेर पडण्याचं पण असंच. प्रत्येक मेलच्या खाली अनसबस्क्राइबची लिंक असते, ती काढता येत नाही आणि काढूही नये. पहिल्या महिन्यात सहा जण बाहेर पडले. कमिटीत लगेच चर्चा, त्यांना काय राग आला, कोणाच्या भांडणामुळं, घरी जाऊन भेटू या का. अरे बाबा, त्यातल्या चार जणांना दर रविवारी मी पहिल्या बाकावर बघते! त्यांना सूचना कानानं ऐकायला मिळतात, मेल कशाला पाहिजे. अनसबस्क्राइब म्हणजे मंडळी सोडली असं नाही. भेटायला जायचं ठरलेलं ते मी हाणून पाडलं. एकानं तर सुचवलं की त्यांची नावं परत घालून टाकू, सिस्टीमच घालू देत नाही ते बरंय.

त्याच मीटिंगमध्ये दुसरं निघालं. रिपोर्टमध्ये कोणी मेल उघडली कोणी नाही ते नावानिशी दिसतं. एका सदस्यांनी ती यादी मागितली, म्हणाले वडीलजन तरी वाचतात का बघू. मी नाही दिली. एक तर तो आकडा खोटा असतो, २०२१ पासून आयफोनमधलं मेलचं अॅप स्वतःच मेल आधी उघडून ठेवतं, माणसानं बघितली नसली तरी उघडली दिसते. आणि खरा असता तरी नसती दिली. कोण किती बायबल वाचतो हे आपण दारात उभं राहून विचारत नाही ना? मी फक्त एवढं बघते की परत आलेल्या मेल किती, आणि कुठल्या लिंकवर एकंदर किती जण गेले. त्यातून एक गोष्ट मात्र कळली, नगरात राहणारे फारसे कशावर क्लिक करत नाहीत. क्लिक करतात ते पुण्याचे, मुंबईचे, मस्कतचे, मेलबर्नचे. कब्रस्तानाच्या भिंतीच्या दुरुस्तीचे फोटो टाकले तेव्हा सगळ्यात जास्त, कारण आईवडील तिथं आहेत. त्यानंतर आम्ही बाहेरगावच्या टिकलीसाठी वेगळी महिन्याची मेल सुरू केली, तीत सूचना नाहीत, फोटो, कोणाचं लग्न झालं, कोण गेलं, चिंचेच्या झाडाचं काय झालं. या माणसांसाठीच ईमेल आहे खरंतर. गावातल्यांना व्हॉट्सअॅप पुरतं, एका ग्रुपमध्ये १०२४ मावतात, आमची अख्खी मंडळी मावून वर जागा राहील.

पण बाहेरगावच्यांना मेल पाठवताना एक जपा, आणि हे फक्त चर्चना नाही, सगळ्या देवस्थानांना, शाळांना. खाली दान द्या असं बटण टाकायचा मोह होतो. आम्हालाही झाला, भिंतीच्या फोटोखाली. एक वकील आमच्यातलेच, त्यांनी वेळेवर थांबवलं. भारतीय पासपोर्टवाला परदेशातून स्वतःच्या कमाईचे पैसे बँकेतून पाठवतो ते चालतं, पण ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, त्याचा पैसा एफसीआरए या कायद्यात परकीय देणगी धरतात, आणि त्या कायद्याखाली नोंदणी नसताना घेतला तर संस्था अडचणीत. आपल्याला वाटतं आपला बंड्याच तर आहे, पण कायद्याच्या लेखी बंड्या आता कॅनडाचा. म्हणून आम्ही अजून एक टिकली केली, आणि वर्गणीची मेल त्यांना जातच नाही अशी गाळणी लावली. दोघं तिघं नाराज झाले, त्यांना मी हेच समजावून सांगितलं.

प्रार्थना विनंत्यांचं एक राहिलं. आधीच्या मेलमध्ये सरळ नावं असायची, अमक्या ताईंचं अमुक ऑपरेशन, तमक्यांच्या मुलाची नोकरी गेली, तमक्यांचं घटस्फोटाचं चालू आहे त्यांच्यासाठी प्रार्थना करा. भक्तीत पन्नास जणांसमोर बोललेलं हवेत विरतं, मेलमधलं सर्च करून दहा वर्षांनी पण सापडतं, स्थळ बघणाऱ्यांना तर पहिलं. आता आम्ही नाव घ्यायचं तर त्या माणसाला फोन करून विचारतो, नाहीतर आजारी असलेल्यांसाठी एवढंच. काही जणी म्हणाल्या नाव नसेल तर प्रार्थना कशी करायची. मी म्हणलं ज्याला ऐकायचंय त्याला नावं माहीत आहेत.

ती बाकावरची बाई, सांगायचं राहिलं. त्या परत यायला लागल्यात. फॉर्म त्यांनी भरला नाही, मी दिलाही नाही. दर रविवारी निघताना मी त्यांना पुढच्या आठवड्याची वेळ तोंडी सांगते.

तर संपादक महाशय, एवढी विनंती की नाताळ, मकरसंक्रांत, हळदीकुंकू, सगळ्यांची निमंत्रणं आता सुटायला लागतील, त्याच्या आधी हे छापलंत तर बरं. निदान ज्यांना बाकी काही जमणार नाही त्यांनी पत्ते सीसीऐवजी बीसीसीत टाकावेत, आणि जीमेलवरून एका दिवसात ५०० च्या वर पाठवायला जाऊ नये, अकाउंट अडकतं. आणि तुमच्या पेपरच्या वेबसाईटवर मी स्पर्धेसाठी एकदा ईमेल दिला होता, तेव्हापासून मला रोज चार मेल येतात, त्यातली एक फ्लॅटची असते. तेवढं माझं नाव तिथून काढायला कोणाला तरी सांगाल का, खालची लिंक दाबून बघितली, चालत नाही.

कळावे,
आपली,
मंडळीची सेक्रेटरी, अहिल्यानगर
(नाव तुमच्याकडं आहे, छापू नका.)